मुक्ताचं गव्हाचं खाणं थांबवू नका

मुंबई, १४ जून

प्रिय संजू,

काल लोकलच्या गर्दीत फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. सगळ्यात आधी एक सांगतो: मुक्ताचं गव्हाचं खाणं आजपासून परत सुरू करा. वहिनींनी काळजीपोटी आठ दिवस पोळी-पाव बंद केलं, ते मी समजू शकतो. लोहाच्या गोळ्या चार महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, पोट सारखं फुगतंय, तोंड येतंय, म्हटल्यावर सिलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजण्याच्या आजाराची, शंका घेणं योग्यच आहे. फक्त तपासणी व्हायच्या आधी गहू सोडला की ती तपासणीच लंगडी होते.

कारण असं. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की सिलिअॅक असलेल्या माणसाचं शरीर स्वतःच्याच टीटीजी नावाच्या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. तुम्ही घरी तपासायला मागवलेलं किट असो की लॅब, दोघं शोधतात ती ही प्रतिपिंडं. ग्लूटेन थांबलं की ती हळूहळू उतरायला लागतात. आठ दिवसांत ती नाहीशी होत नाहीत, त्यामुळे अजून फार बिघडलेलं नाही. पण महिना-दोन महिने असेच गेले असते, तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकला असता.

तुमच्या घरात आणखी एक अडचण आहे. रोजचं जेवण भात, तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी. यात ग्लूटेन नाहीच. मुक्ताच्या पोटात गहू जायचा तो कॉलेजच्या डब्यातल्या पोळीतून आणि बाहेरच्या वडापावातून. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. लादीपावातल्या एका पावात ते दीड-दोन ग्रॅम धर. म्हणून दुपारी डब्यात एक आणि रात्री एक, अशा निदान दोन पोळ्या रोज द्या. कुणी बरेच महिने गहू सोडलेला असेल, तर असं सहा आठवडे खाऊन मग रक्त द्यायचं असतं. मुक्ताला एवढं थांबायची गरज नाही, पण तोंडावाटे दुर्बीण घालून आतडं बघतात ती तपासणी संपेपर्यंत पोळी चालूच राहू दे. या काळात तिला जुलाब किंवा खूप त्रास झाला, तर तेवढं डॉक्टरांना लगेच कळवा.

आता किटबद्दल. ऑनलाइन तीन-चार प्रकार मिळतात आणि सगळे एकाच नावाने विकले जातात, तिथेच घोळ होतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर रेघ दाखवणारा प्रकार टीटीजी-आयजीए, म्हणजे टीटीजीविरुद्धची आयजीए वर्गातली प्रतिपिंडं, शोधतो, तुम्ही मागवलेलं तेच दिसतंय. गालाच्या आतून काडी फिरवायची ती जनुकांची तपासणी. तिच्यात एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं आहेत का ते पाहतात. ही दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळजवळ बाद होतो. असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण साधारण ३० ते ४० टक्के लोकांत ती सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना आजार होतच नाही. गहू आधीच सोडून बसलेल्यांना मात्र ती खरी उपयोगी, कारण खाण्याशी तिचा संबंध नाही. आणि शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ सांगणारी आयजीजी (प्रतिपिंडांचा दुसरा वर्ग) पॅनेल मिळतात, त्यांवर एक रुपयाही घालवू नकोस. सिलिअॅकच्या निदानात त्यांना जागा नाही.

खोक्यावर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत आहे ना ते बघ. ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ असं छापलेलं असेल, तर ते किट लॅबमधल्या सरावलेल्या हातांसाठी बनवलेलं आहे, घरी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. अशा कॅसेटला (पट्टी बसवलेल्या प्लास्टिकच्या चपट्या डबीला) साधारण ३० अंशांपर्यंतच ठेवायला सांगतात. मुंबईच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत ते किती तापलं हे आपल्याला कळत नाही. त्यात आता पावसाळा. फॉइलचं पाकीट फोडलं की आतली पट्टी हवेतली ओल शोषायला लागते, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच फोडायचं. फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर बंद पाकीटच अर्धा तास बाहेर ठेव. गार पाकीट फोडलं की पट्टीवर दव धरतं.

हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. ओल्या बोटावर रक्ताचा थेंब न टिकता पसरतो. हात मिनिटभर खाली सोडून ठेवायचा. अनामिकेच्या टोकाला मधोमध टोचू नका, तिथे दुखतं जास्त. बाजूला टोचा. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. इथे सगळेजण एक चूक करतात: रक्त कमी आलं की बोट पिळतात. पिळल्यावर रक्तासोबत पेशींभोवतालचं पाणी येतं आणि नमुना पातळ होतो. त्यापेक्षा तळहाताकडून बोटाकडे हलकेच चोळा, नाहीतर दुसऱ्या बोटाला नव्याने टोचा. बारीक नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे, मध्ये हवेचा बुडबुडा नको. मुक्ताचं हिमोग्लोबिन कमी असल्याने थेंब फिका दिसेल, त्याची काळजी करू नका.

बफरचे, म्हणजे किटमधल्या बाटलीतल्या द्रावणाचे, थेंब पत्रकात सांगितलेत तेवढेच घाला. कॅसेट सपाट टेबलावर ठेवून मोबाइलवर वेळ लावा. बहुतेक किटांत दहा-पंधरा मिनिटांत वाचायचं असतं. सी (किट नीट चाललं का हे सांगणारी खूण) जवळची रेघ आली नाही, तर किट वाया गेलं, टी (तपासणीचा निकाल) काय दाखवते ते बघूच नका. टी जवळ वेळेत उमटलेली फिकट रेघही पॉझिटिव्हच धरायची. पण वेळ उलटून गेल्यावर, पट्टी सुकताना उमटलेली रेघ धरायची नाही. तासाभराने ‘अरे, आता आली!’ म्हणून घरभर रडारड होते, ती उगाच. ठरलेल्या वेळेतच फोटो काढून ठेवा.

रेघ आली नाही म्हणून सुटलो, असंही नाही. काहींच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा वर्गच कमी असतो. सिलिअॅक असलेल्या १०० जणांत असे दोन-तीन निघतात. आयजीएवर चालणारी पट्टी त्यांना नेमकी चुकवते. काही किटांत त्याची वेगळी खूण असते, बऱ्याचांत नसते. मला विचारशील तर किटचा निकाल काहीही येवो, रक्त द्यायचंच आहे, मग सरळ तिथूनच सुरुवात कर. मुंबईत लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त नेतो. त्याला टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए, अशा दोन्ही तपासण्या सांग. दोन्ही एकाच वेळच्या रक्तातून होतात आणि उपाशी राहावं लागत नाही. दुसरी तपासणी बऱ्याचदा पॅकेजमध्ये नसते, आपणहून मागावी लागते. एकूण आयजीए कमी निघालं, तर आयजीएऐवजी आयजीजी वर्गातली प्रतिपिंडं शोधणारी, डीजीपी-आयजीजीसारखी तपासणी लागेल. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी, आणि ही तपासणी त्या मान्यतेत येते का ते विचार.

टीटीजी वाढलेलं आलं तर पोटविकारतज्ज्ञांकडे जायचं. केईएम, सायन आणि नायर, तिन्ही पालिका रुग्णालयांत हा विभाग आहे, खासगीतच जायला हवं असं नाही. मुक्ता १९ वर्षांची, त्यामुळे दुर्बीण टाकून बायोप्सी, म्हणजे आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासणी, करावी लागेल. लहान मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहापट आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए (सिलिअॅकमधली आणखी एक प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असलं, तर काही वेळा बायोप्सीशिवाय निदान करतात. मोठ्यांना सहसा ती सूट नाही. आपल्याकडे तर बायोप्सीला जास्तच महत्त्व, कारण ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा एक आजार) किंवा जिआर्डिया या परजीवीच्या संसर्गातही आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजतात. म्हणून रक्त आणि तुकडे, दोन्ही एकमेकांशी जुळवून पाहतात.

आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, दुर्बिणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तुकडे घेताना दुखत नाही. डॉक्टरांना आधीच सांग की सिलिअॅकची शंका आहे. मग ते लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून निदान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घेतील. झीज सगळीकडे सारखी नसते, एकच तुकडा घेतला तर नेमकी चांगली जागा हाती लागू शकते. किट पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरून गहू सोडायचा आणि महिन्याभराने दुर्बिणीची तारीख मिळायची, असं पुष्कळ घरांत होतं. तोवर अस्तर भरून यायला लागलेलं असतं आणि मुलगी ‘आहे की नाही’ अशीच अधांतरी राहते. मुक्ताचं तसं होऊ नये, एवढंच मनात आहे.

निदान पक्कं झालं, तर तू, वहिनी आणि ओम, तिघांनीही रक्त द्यायचं. आई-वडील आणि भावंडांत साधारण दहात एकाला हा आजार निघतो, कित्येकदा काहीही त्रास नसताना. हिंगातला मैदा, भाजणीतले गहू, रव्याचा शिरा हे सगळं त्यानंतर बघू, मी वहिनींशी बसून यादी करीन. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. नुसता आकडा पाठवू नकोस, शेजारचं एकक आणि लॅबची मर्यादा दिसेल असं पूर्ण पान पाठव. प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते, त्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही.

तुझा,
शेखर