‘२२एच२’ म्हणजे नेमकी कोणती?

संपादक महोदय,

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा बहुतेक बातम्यांचा सूर ‘१० असेल तर धोका, ११ असेल तर निर्धास्त’ असा होता. साताऱ्यात संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान चालवताना रोज जे दिसते, त्यावरून हा हिशेब इतका सरळ नाही असे नम्रपणे सांगावेसे वाटते.

काही महिन्यांपूर्वी एका पतसंस्थेतून फोन आला. त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराने कळवले होते की यापुढे ‘२२एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती’ असलेल्या संगणकावरच सॉफ्टवेअर चालेल. तेथील लेखनिक बाईंनी मी सांगितल्याप्रमाणे विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘विनव्हर’ टाइप केले आणि समोर उघडलेल्या चौकटीतून वाचून दाखवले, “आवृत्ती २२एच२.” मग काळजी नको, असे सांगून मीही मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू होईना म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर त्याच ओळीत पुढे कंसात बिल्ड क्रमांक, म्हणजे प्रणालीची नेमकी ओळख सांगणारा आकडा, होता १९०४५, आणि पुरवठादाराला अभिप्रेत होता २२६२१. पहिला विंडोज १० चा, दुसरा विंडोज ११ चा. आवृत्तीचे नाव मात्र दोन्हींचे अक्षरशः एकच, कारण ‘२२एच२’ याचा अर्थ केवळ ‘सन २०२२, उत्तरार्ध’ एवढाच आहे. त्या बाईंनी वाचले ते बरोबरच होते. पुढचा आकडा विचारायचे मी विसरलो, हा दोष माझा.

याहून चमत्कारिक गोष्ट मुदतीची, म्हणजे सुरक्षा अद्यतने कधीपर्यंत मिळतात याची आहे. घरगुती वापराच्या विंडोज ११ मधील २२एच२ ची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ रोजीच संपली, तर विंडोज १० मधील २२एच२ त्यानंतरही वर्षभर अद्यतने घेत होती. म्हणजे ‘नवी’ प्रणाली आधी उघड्यावर पडली आणि ‘जुनी’ नंतर. ‘माझ्याकडे ११ आहे’ असे अभिमानाने सांगणारे, पण दोन वर्षे अद्यतन पुढे ढकलत आलेले गिऱ्हाईक आजही माझ्याकडे येतात आणि त्यांना हे पटवून देताना घसा कोरडा पडतो.

हा घोळ का होतो, याचे एक खरे कारण आहे. आवृत्ती क्रमांक वाचणारे दोघे असतात, एक माणूस आणि दुसरा प्रोग्रॅम. अनेक प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वी प्रणालीला तिचा क्रमांक विचारतात आणि त्यांतले कित्येक हा प्रश्न निष्काळजीपणे विचारतात. विंडोज एक्सपीचा अंतर्गत क्रमांक ५.१ होता, तेव्हा काहींनी ‘पहिला आकडा किमान ५ आणि दुसरा किमान १’ अशी अट घातली, आणि पुढची विंडोज व्हिस्टा ६.० होऊन आल्यावर शून्य हे एकापेक्षा लहान म्हणून ते प्रोग्रॅम अडून बसले. अशा प्रोग्रॅमना दुखवायचे नाही म्हणून विंडोज ७ आतून ६.१ राहिली, ८ झाली ६.२, आणि विंडोज ११ तर आजही स्वतःला १०.० म्हणवते. ॲपलनेही २०२० साली मॅकची आवृत्ती ११ आणली तेव्हा जुन्या प्रोग्रॅमना ती १०.१६ असे उत्तर देत असे. खोक्यावर एक नाव आणि आत दुसरा आकडा, ही तडजोड तंत्रज्ञ म्हणून मला समजते. पण बाहेरचे नाव तरी माणसाला कळेल असे हवे की नको?

त्याच मॅकच्या १०.९ नंतर २०१४ मध्ये १०.१० आली, आणि शाळेत दशांश शिकलेला कोणीही १०.१० लहान म्हणणारच. आपल्याकडे सात-बाऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांत आडवी रेघ असते, त्यामुळे १०/९ नंतर १०/१० आला तर कोणाही शेतकऱ्याचा गोंधळ होत नाही. इथे रेघेऐवजी टिंब घातले एवढ्यानेच सारा घोटाळा झाला. आता २०२५ पासून ॲपलने वर्षावरून नाव देण्याचे ठरवले आणि मॅकची आवृत्ती १५ वरून थेट २६ वर गेली. मधल्या दहा कुठे गेल्या, असे मला दोघांनी विचारले आहे.

वर्षावरून नाव देणे वाईट नाही, ते प्रामाणिकपणे दिले तर. विंडोज १० ची एक आवृत्ती ‘२००४’ या नावाची होती. सन २०२०, महिना चौथा, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात ती मे महिन्यात आली, आणि लोकांना वाटे की सोळा वर्षांपूर्वीचे काहीतरी गळ्यात मारले. उलट उबुंटू या मोफत संगणक प्रणालीची ६.०४ ही नियोजित आवृत्ती रखडून जून २००६ मध्ये आली, तेव्हा करणाऱ्यांनी तिचा क्रमांकच ६.०६ केला.

बँका, महाविद्यालये, सॉफ्टवेअरचे पुरवठादार आणि सरकारी कार्यालये यांनी ‘अमुक आवृत्ती हवी’ असे कळवताना प्रणालीचे पूर्ण नाव आणि बिल्ड क्रमांक दोन्ही लिहावेत, आणि वृत्तपत्रांनी अशा बातम्यांत त्या विशिष्ट आवृत्तीची मुदत संपण्याची तारीख द्यावी, एवढीच विनंती आहे. त्या पतसंस्थेतून परतल्यापासून मी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक संगणकावर एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर नाव, बिल्ड आणि शेवटची तारीख असते. गिऱ्हाईक पहिल्या दोन गोष्टी वाचत नाहीत, तारीख मात्र वाचतात.

– एक संगणक दुरुस्तीकार, सातारा