आठ दिवस झाले, ठिपका नाही

शहापूर, बेळगाव
28 सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

गणपतीच्या आधीपासून तुला लिहायचं राहिलंय, मनाला लागून आहे. तब्येती बऱ्या. आईचा गुडघा तसाच. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना गा. आपल्या पोरीचा, म्हणजे पाठीवर यंत्र बांधलेल्या त्या पिलाचा, नकाशावर नवा ठिपका आठ दिवस आलेला नाही. इंग्लंडातली एक मीनखाई घार (ऑस्प्रे) सहारात गप्प झाली म्हणून जेवण गोड लागत नाही, हे घरात कुणाला सांगू? तुलाच कळेल.

शेवटची नोंद अशी. मोरोक्कोत ॲटलस डोंगर ओलांडून झागोराच्या दक्षिणेला. दुपारचे चार, वेग ताशी 45 किलोमीटर, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य, उंची 1,900 मीटर. उंची समुद्रसपाटीपासूनची आहे हं. तिथली जमीनच सुमारे 700 मीटरवर, म्हणजे ती जमिनीपासून बाराशेवर होती, गरम हवेच्या झोतावर चढून पुढं घसरत चाललेली. आणि चार म्हणजे ग्रिनिचचे चार. मागच्या वर्षी दुसऱ्या पक्ष्याच्या अशाच नोंदीत तू आपले साडेपाच तास मिळवलेस आणि 'रात्री साडेनऊला उडते, निशाचर आहे' म्हणून मास्तरांच्या ओट्यावर माझ्याशी तासभर भांडलास. समुद्रावर असल्या तर रात्रीही उडतात, कारण उतरणार कुठं? जमिनीवर मात्र ऊन तापल्यावर निघतात आणि संध्याकाळी बसतात. वाळवंटात झाड नसलं तर सरळ वाळूवर, नाहीतर खडकावर.

आता हे गप्प बसणं कसलं, तेवढंच डोक्यात घोळतंय. तिच्या पाठीवरचं यंत्र मोबाईलच्या जाळ्यावर चालणारं. जागा घेतं उपग्रहांवरून, साठवतं स्वतःत आणि टॉवर सापडला की साठलेलं सगळं एकदम पाठवतं. ती किनाऱ्याकिनाऱ्यानं गेली असती तर रस्ता आहे, गावं आहेत, अधूनमधून ठिपका आलाच असता. तिथं आठ दिवसांची शांतता आली असती तर मी आशा सोडली असती. पण ही आतल्या बाजूनं गेली. झागोरापासून वाळवंटापलीकडच्या सेनेगल नदीपर्यंत सरळ रेषेत सुमारे 1,800 किलोमीटर, आणि मधे बहुतेक वाटेवर टॉवरच नाही. बेळगावहून दिल्ली याच्यापेक्षा जवळ. वारा चांगला असला तर दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर होतात, म्हणजे सहा-सात दिवस. आज आठवा. समोरून वारा किंवा धुळीचं वादळ धरलं तर दहा दिवससुद्धा जातील. अकराव्या दिवसानंतर मला झोप लागायची नाही.

मेलेल्या पक्ष्याचं यंत्र एकदम गप्प होत नाही, हे लक्षात ठेव. टॉवरच्या टप्प्यात असेल तर आधी ठिपके एकाच जागी साचतात, वेग शून्य, हालचाल दाखवणारा आकडा गोठतो, तापमान दिवसा चढतं आणि रात्री उतरतं, अंगाची ऊब नसल्यासारखं. सौरपट्टी खाली तोंड करून पडली तर विजेचा दाब रोज थोडा थोडा घसरत जातो आणि मग बंद. हिच्या नोंदीत यातलं काही नाही. बॅटरी भरलेली, वेग उडण्याचा. म्हणजे टॉवर मागे पडला, एवढंच यातून निघतं. पुढं काय झालं ते यातून निघत नाही, आणि तिथंच जीव अडकलाय.

कधीकधी पट्टीवर पिसं येतात नि चार्ज होत नाही, कधी यंत्रच बिघडतं. पट्टा तुटूनही पडतो. टेफ्लॉनच्या फितीचा तो पट्टा छातीवर सुती दोऱ्यानं शिवतात, मुद्दाम, म्हणजे काही वर्षांनी दोरा कुजून सगळं आपोआप गळून पडावं. पण हिचं पहिलंच वर्ष, दोरा अजून नवा आहे. वजनाचं म्हणशील तर 30 ग्रॅमचं यंत्र दीड किलोच्या पक्ष्यावर दोन टक्के होतं, तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे. वजनानं दमली असेल या तुझ्या जुन्या शंकेला हे उत्तर.

खरी भीती वेगळीच आहे. तिची आई ऑगस्टच्या मध्यालाच निघून गेली, बाप मागं राहून मासे भरवत होता, आणि ही महिनाअखेरीस एकटी निघाली. दिशा पोटातून येते, नकाशा येत नाही. वारा आडवा ढकलतो तेव्हा मोठे पक्षी सावरून घेतात, पहिल्या वर्षाची पिलं वाऱ्याबरोबर वाहत जातात. म्हणूनच कितीतरी पिलं अटलांटिकावर भरकटतात. आणि वाळवंटात मासा कुठला?

तू म्हणशील, दोन ठिपके जोडून रेघ ओढ. ओढणार नाही. ती रेघ आपली असते, पक्ष्याची नव्हे. जागा थेट उपग्रहांकडून ठरवणाऱ्या जुन्या आर्गोस यंत्रांच्या नोंदी बघतानाही हेच झालेलं. त्यात सगळ्यात भरवशाचा तिसऱ्या वर्गाचा ठिपका अडीचशे मीटरच्या आत खरा, पण ब वर्गाच्या ठिपक्यात चूक किती याला मापच नसतं. तसलाच एक धरून तू 'बुडाली गा, बुडाली' म्हणून पहाटे पाचला मला उठवलंस! पक्षी त्या वेळी स्पेनमध्ये झाडावर बसून मासा खात होता.

एक गोष्ट बघितलीस? सेनेगलचं सेंट लुई 16 अक्षांशावर, आपलं बेळगाव 15.85 वर. पोरगी आपल्याच रेषेवर यायला निघालीय, फक्त समुद्रापलीकडे.

यंत्र बंद पडलं तरी एक दार उघडं राहतं. इंग्लंड-वेल्समधल्या पिलांच्या उजव्या पायात निळं कडं असतं, स्कॉटलंडच्या डाव्या पायात. त्यावरची अक्षरं टेलिस्कोपमधून वाचता येतात. सेनेगल-गांबियाच्या खाडीत कुणी वाचली तर कळेल. नाहीतर दोन वर्षं वाट बघायची, कारण पहिला उन्हाळा पिलं तिकडंच काढतात.

तुझी बदली झाली असं ताईकडून कळलं. बरं झालं, सांगली जवळ. मुलीची दहावी ना यंदा? तिला आशीर्वाद.

दसऱ्याला येऊलालास ना? हिडकलच्या धरणावर जाऊ. पाऊस थांबून पाणी निवळलं की आपल्याकडच्या मीनखाई घारी येतील. गढूळ पाण्यात त्यांना मासा दिसत नाही, आणि सूर मारून जेमतेम मीटरभर खोल जातात. पाण्यातली वाळकी खोडं आधी तपासायची. पांढरं पोट दिसलं म्हणून ओरडू नकोस, सापमार गरुडही तसाच दिसतो. डोळ्यातून गेलेला काळा पट्टा आणि मनगटापाशी वाकलेले पंख बघ. मासा नेताना डोकं पुढं करून धरलेलं असतं. आणि पाय बघायचे, दोन्ही. आपल्याकडे येणाऱ्या कुठून येतात ते सांगायला पाठीवर काही नसतं, कडं असलं तर तेवढाच धागा. दुर्बीण आण, तिपाई माझ्याकडे आहे.

तुझाच,
अप्पू

ता. क. सकाळी सहाला मी बघतो, रात्री अकराला तू बघ. ठिपका आला तर किती वाजलेत ते न बघता फोन कर.