खालच्या मजल्यावरच्या काकांना, एका टॅबबद्दल

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि चारचौघांत अशासाठी की विम या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कोड चिकटवून कपाळाला हात लावणारा मी काही एकटाच नसेन.

त्या रात्री साडेदहाला मी लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तुमच्या तोंडात टूथब्रश होता. सकाळी सहाला दूध उत्पादकांच्या दहा दिवसांच्या बिलाची फाइल बँकेकडे जायची होती. स्क्रिप्ट पायथनची, म्हणजे ओळ किती आत आहे त्यावर अर्थ ठरणारी, सर्व्हर जुना, त्यावर लिहायला विमशिवाय काही नाही, आणि दुपारी मी त्यात वीसेक ओळींची दुरुस्ती चिकटवलेली. चिकटवली सरळ, उमटली जिन्यासारखी. पहिली ओळ जागेवर, दुसरी आत, तिसरी आणखी आत, शेवटच्या तर पार उजव्या काठाला. मग मी शहाणपणा केला. 'जी जी इक्वल टू कॅपिटल जी' मारलं की सगळी फाइल आपोआप सरळ होते, असं कुठेतरी ऐकलं होतं. जी काही बरी होती तीही वाकडी झाली.

तुम्ही ब्रश ठेवून आलात, चष्मा लावलात आणि कीबोर्डला हात न लावता म्हणालात, "यू दाब. आणखी दाब. दुपारपर्यंत मागे जा."

मला वाटलं होतं, तुम्ही पाच मिनिटांत करून द्याल. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात. टर्मिनलमधून चिकटवलेला मजकूर त्या जुन्या विमला हाताने टाइप केल्यासारखाच दिसतो. प्रत्येक एंटरनंतर ऑटोइंडेंट वरच्या ओळीइतकी जागा आधीच सोडतं, आणि तिच्यावर माझ्या मजकुरातली जागा चढते. "तो बिचारा मदतच करतोय," असं म्हणालात. आधी ती मदत थांबवायला 'सेट पेस्ट', मग चिकटवणं, मग आठवणीने 'सेट नोपेस्ट'. जिना नाहीसा झाला. माझ्या त्या जादूच्या मंत्राचंही कारण सांगितलंत: सर्व्हरवर फाइलप्रमाणे इंडेंट, म्हणजे ओळ किती आत घ्यायची ते, ठरवण्याची सोय चालूच नव्हती, त्यामुळे विमने पायथनला सी भाषेचे नियम लावले. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिसेना, म्हणून त्याला प्रत्येक वाक्य अपुरं वाटलं आणि तो पुढची ओळ आत ढकलत राहिला.

स्क्रिप्ट चालवली तर टॅबएरर. पडद्यावर सगळं एका रेषेत, आणि पायथन म्हणतो टॅब आणि स्पेसची सरमिसळ आहे. तुम्ही 'सेट लिस्ट' द्यायला लावलंत आणि माझ्याआधी स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसाच्या प्रत्येक ओळीआधी ^ आणि आय ही जोडी, म्हणजे टॅबची खूण, उगवली. त्याचे टॅब, माझ्या स्पेस. विम मुळात टॅब आठ घरांचा दाखवतो, म्हणून माझ्या आठ स्पेस त्याच्या एका टॅबशेजारी जुळ्या भावासारख्या दिसत होत्या. पायथन २ असलं बरंच चालवून घ्यायचा, टॅब म्हणजे आठाच्या पाढ्यातलं पुढचं घर असं धरून. पायथन ३ घेत नाही.

टॅबस्टॉप चार, म्हणजे टॅब चार घरांचा; एक्सपँडटॅब, म्हणजे टॅबऐवजी स्पेस; आणि मग आधीचे टॅब बदलायला रीटॅब. मी एंटर मारणार तोच तुम्ही हात धरलात. "अवतरणचिन्हांत कुठे टॅब आहे का बघ." होता! बँकेच्या फाइलीत रकाने टॅबने वेगळे करायचे, आणि आधीच्या माणसाने तो टॅब अवतरणांत उघडाच टाइप केला होता. रीटॅबला आतलं-बाहेरचं कळत नाही, त्याने त्याच्याही स्पेस करून टाकल्या असत्या. तिथे बॅकस्लॅश आणि टी ही पायथनमधली टॅबची खूण लिहिली, मग रीटॅब केलं. चालवलं, एरर गेली. मी लॅपटॉप मिटायलाच घेतला होता.

खरे आभार इथून पुढचे आहेत.

तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. "पशुखाद्याचे पैसे फक्त फॅट कमी लागलेल्यांचेच कापायचे का रे?"

मला काही कळेना. फॅट कमी असेल तर दर बदलायचा, ही ओळ 'इफ'च्या पोटात. त्याखाली पशुखाद्याची कपात, ती सगळ्यांची, म्हणून मी ती 'इफ'च्या रेषेत लावली होती. पण डोळ्याने लावली होती, आठ स्पेस देऊन. टॅब आठ घरांचा होता तोवर बरोबर दिसत होतं. टॅब चाराचा झाल्यावर 'इफ' चार घरांवर सरकलं, दराची ओळ आठावर आली, आणि माझ्या आठ स्पेस आठच राहिल्या. कपात मुकाट्याने 'इफ'च्या पोटात गेली. एरर नाही, काही नाही. सकाळी अर्ध्याअधिक लोकांची कपात झालीच नसती आणि पुढच्या बिलात दुप्पट कापून घ्यायला मला गावोगाव तोंड दाखवावं लागलं असतं. चार स्पेस काढल्या. तुम्ही तीन उत्पादकांची बिलं कागदावर मांडायला लावलीत, तीही जुळली, तेव्हा कुठे चष्मा काढलात.

त्यानंतर त्या ओळीवर टिपण लिहायला गेलो तर टिपणाची खूण म्हणून हॅश (#) टाइप करताच तो डाव्या काठाला पळाला. आत ढकलायला दोनदा 'पेक्षा मोठं' (>) चिन्ह मारलं, तरी हलेना. मी चिडलो, तुम्ही मात्र खुशीत आलात. "अंदाज करू नकोस, त्यालाच विचार." 'व्हर्बोस सेट स्मार्टइंडेंट', पुढे प्रश्नचिन्ह. विमने सांगितलं: चालू आहे, आणि चालू केलंय विमआरसीने, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीने. स्मार्टइंडेंटला हॅश म्हणजे सी मधली इन्क्लूड किंवा डिफाइनची ओळ वाटते, आणि तिची जागा पहिल्या रकान्यात. विमआरसीतली स्मार्टइंडेंटची ओळ काढून फाइलप्रमाणे इंडेंट ठरवणारं 'फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन' लिहिलं आणि हॅश शहाण्यासारखा जागेवर बसला. त्यावर तुम्ही कोबोल ही तुमची जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा काढलीत: पहिले सहा रकाने क्रमांकाचे, सातव्यात तारा दिला की ती ओळ टिपणाची, आठव्यापासून विभाग अ, बाराव्यापासून ब. "आम्ही रकाने मोजत जन्म काढला, तुम्हाला चार स्पेस जड होतात." तोवर काकूंनी खिचडी गरम करून आणली होती. त्यांचेही आभार, लोणच्यासकट.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आलो तर तुम्हाला साखर. वर म्हणालात, विम नुसता उघडलास की मधोमध काय लिहून येतं ते वाच. इतकी वर्षं ती पाटी मी डोळ्याआड करत होतो: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. विम १९९१ साली बाहेर आला तेव्हापासून त्याचे कर्ते ब्रॅम मोलेनार तो सांभाळत होते, २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले, आणि मोबदला म्हणून त्यांनी मागितलं ते एवढंच. पेढ्यांचे पैसे तिकडे पाठवलेत. पेढे बिल्डिंगमधल्या पोरांनी संपवले.

आपला,
वरच्या मजल्यावरचा

ता. क. एक्सपँडटॅबचा मला इतका उत्साह आला की ऑटोकमांड, म्हणजे फाइल उघडताच आपोआप चालणारी आज्ञा, लिहून ते सगळ्याच फाइलींना लावलं. काल मेकफाइल, म्हणजे 'मेक' या प्रोग्रॅमला कामं सांगणारी फाइल, 'मिसिंग सेपरेटर' म्हणत अडून बसली. तिथे आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, १९७६ पासून. विमला ते ठाऊक असतं, मीच त्याचं चालू दिलं नव्हतं. व्हर्बोस लावून माझं मीच शोधलं. सांगायला खाली आलो होतो, तुम्ही फिरायला गेला होतात.