दोस्ता, त्या कॉमेंट्रीबद्दल थँक्यू

दोस्ता, तुला मराठी वाचता येत नाही माहितीये, रूममेटकडून वाचून घे, तो मधे चार शिव्या घालेल त्या माझ्या नाहीत.

'कैसर' या इराणी पिक्चरच्या कॉपीला सबटायटल्सच नव्हते आणि आमचा फिल्म क्लब तोंडावर आपटणार होता, तेव्हा तू परीक्षा सोडून आलास आणि पडद्याशेजारी खुर्ची टाकून अख्खा पिक्चर मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलास. बायकांचे डायलॉग बारीक आवाजात, ते विसरणं शक्य नाही. हिरो बेहरूज वोसूघी, पण तुझं लक्ष सगळं त्याच्या थोरल्या भावावर. फर्मान, एकेकाळचा दादा, आता चाकू सोडलेला, बहिणीसाठी जाब विचारायला रिकाम्या हातानं जातो आणि मारला जातो.

आणि मग खाली चहाच्या टपरीवर तू फर्मान झालेल्या नटाचं, नासेर मलेक मोतीईचं, पुढचं सगळं सांगितलंस ना, खरे आभार त्याचे आहेत. पिक्चर 1969चा. दहा वर्षांनी इराणमध्ये क्रांती झाली, तिथला राजा, म्हणजे शाह, गेला आणि जुने स्टार नव्या सरकारच्या डोळ्यात खुपायला लागले. 1982 ला तो आणि दुसरा जुना स्टार फर्दीन 'बर्झखीहा'मध्ये एकत्र आले, त्यात जेलमधून पळालेले कैदी शेवटी इराकी सैन्याशी लढतात, म्हणजे सरकारनं खरंतर पाठ थोपटायची, पण पब्लिक तुटून पडलं ते या जुन्या चेहऱ्यांसाठी. झालं, पिक्चर थिएटरमधून उतरवला आणि यांची कामं बंद. मलेक मोतीई म्हणजे पन्नाशी नुकती ओलांडलेला माणूस, अंगात भरपूर काम शिल्लक, आणि केक-मिठाईचं दुकान चालवतोय, नंतर घरांचे व्यवहार. वोसूघी अमेरिकेत, हा तेहरानमध्येच.

नटांच्या असल्या गोष्टी लोक फार गोड करून सांगतात (शांत वार्धक्य, नातवंडं वगैरे), तू तसलं काही केलं नाहीस. 'त्यानं सोडलं नाही, त्याला सोडायला लावलं,' एवढंच म्हणालास. म्हातारपणी एक पिक्चर मिळाला, सरकारी टीव्हीनं मुलाखत घेतली पण दाखवलीच नाही, आणि 2018 च्या मे महिन्यात तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला ही गर्दी, त्याच टीव्हीविरुद्ध घोषणा. हे सांगताना तू चहा तसाच ठेवलास, मग गार झाला म्हणून टपरीवाल्याशी भांडलास, तेही बरोबरच.

आता फर्दीनचा 'गंज-ए-कारून' लावायचा विचार आहे. त्यात गाणी आहेत, तीही तुलाच सांगावी लागतील. मानधन नाही, जेवण आहे.