नदीचं ओझं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नदी सरळ का वाहत नाही, असं तू विचारलं होतंस. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक: नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यासोबत गाळही चाललेला असतो. गोटे तळावरून गडगडत जातात, वाळू उड्या घेत पुढे सरकते, बारीक माती पाण्यात तरंगत राहते. वेग मंदावला की आधी जड माल बसतो, मग हलका. यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे काठाची चिकणमाती. तिचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ती उचलायला वाळूपेक्षाही जास्त वेग लागतो. पण एकदा सुटली की संथ पाण्यातसुद्धा ती सहजी खाली बसत नाही. स्वीडनच्या युलस्ट्रॉम या भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये हे आलेखातून मांडलं.

आता वळणं. वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटलं जातं, तिथे खाली उतरतं आणि तळाशी आतल्या काठाकडे परततं. बाहेरचा काठ असा पोखरला जातो, आतल्या बाजूला वाळू साचते. कपातला चहा ढवळल्यावर पत्ती तळाशी मधोमध का गोळा होते, याचंही कारण हेच. अल्बर्ट आईन्स्टाईननी १९२६ मध्ये नदीच्या वळणांबद्दल लिहिताना हाच दाखला दिला होता. पुढे त्यांचा मुलगा हान्स अल्बर्ट नद्यांच्या गाळाचाच मोठा अभ्यासक झाला! वळण वाढत वाढत त्याच्या दोन टोकांमधली जमिनीची मान अरुंद होते, एखाद्या पुरात नदी ती तोडून सरळ निघते आणि मागे उरतं घोड्याच्या नालेच्या आकाराचं, म्हणजे नालाकृती सरोवर.

गाळ फार झाला तर नदी अख्खं पात्रच सोडते. हिमालयातून प्रचंड गाळ आणणारी कोसी दोनेकशे वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली. मग तिला दोन तटबंधांत कोंडलं. गाळ आतच साचत गेला, पात्र बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच झालं. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसाहा इथे तटबंध फुटला आणि नदी पूर्वेकडच्या आपल्या जुन्या वाटांनी बिहारमध्ये शिरली. लाखो माणसं उघड्यावर आली. याला नुसती नैसर्गिक आपत्ती म्हणणं मला पटत नाही.

उलट गाळ अडवला तरी नदी बिघडते. धरणाखाली सुटणारं पाणी नितळ असतं, पण त्याची वाहून नेण्याची ताकद तशीच असते. मग ते स्वतःचाच तळ आणि काठ खरवडू लागतं. नाईलवरचं आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर जवळजवळ सगळा गाळ जलाशयात अडकला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्राने खायला घेतला. धरण आखताना पाण्याचा हिशेब थेंबाथेंबाने होतो. गाळाचाही तसाच व्हायला हवा.

अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. मागे अडलेल्या सुमारे दोन कोटी घनमीटर गाळापैकी बराचसा मोकळा झाला. काही काळ पाणी गढूळलं, पात्राने वाटा बदलल्या, आणि मुखाशी झिजलेल्या किनाऱ्यावर पुन्हा वाळूचे पट्टे उभे राहिले. तिथली आधीची आणि नंतरची उपग्रह छायाचित्रं शेजारी ठेवून बघ, आणि मुखापाशी तुला काय काय वेगळं दिसतं ते सविस्तर लिही.

तुझाच,
मित्र