बावखले राखणे हाही धर्मच

महोदय,

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकातून सुरक्षित पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे बजावले आणि १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. वसईतील ख्रिस्ती समाजाला हा विचार नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून येथील झाडे, शेती आणि पाणी वाचवण्यासाठी प्रदीर्घ लढा दिला, तो याच श्रद्धेतून.

मात्र ज्या बावखलांवर, म्हणजे वसईतील गोड्या पाण्याच्या पारंपरिक तळ्यांवर, कधीकाळी रहाट फिरत, पानवेली आणि केळीच्या वाड्या भिजत आणि ज्यांतून मुरलेल्या पाण्याने आसपासच्या गोड्या विहिरी टिकून राहत, ती आज भराव टाकून बुजवली जात आहेत. उरलेल्यांपैकी अनेकांवर जलपर्णी आणि प्लास्टिक तरंगताना दिसते. मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. ही राखण प्रवचनापुरती राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत्येक धर्मग्रामाने (चर्चच्या पॅरिशने) आपल्या हद्दीतील बावखलांची नोंदवही करावी, भराव दिसताच महापालिकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, पाणी उतरलेले असताना, सर्वधर्मीय शेजाऱ्यांना सोबत घेऊन श्रमदानाने गाळ काढावा. यंदा निदान एका बावखलापासून सुरुवात व्हावी.

– एक वाचक, वसई