चॉकलेटच्या वडीबद्दल, काका, तुमचे आभार

आदरणीय काका,
सा. न.

अंबाजोगाईच्या बाजारात तुमचं केकच्या सामानाचं दुकान. दिवाळीच्या तोंडावर तिथं पाय ठेवायला जागा नव्हती, आणि केज तालुक्यातल्या खेड्यातून आलेली मी तुम्हाला विचारत होते की घरी ओव्हन नाही, लेकरांना उकळत्या तेलाजवळ बसवायचं नाही, तर त्यांच्या हातून चॉकलेटचं काय गोड करून घेता येईल. बाकीची गिऱ्हाईकं थांबवून तुम्ही मला सगळं समजावून सांगितलंत. ते माझ्यापुरतं राहू नये म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

त्या गर्दीत मला धड सांगता आलं नाही की ही लेकरं कुणाची. दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं जातं, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत, आईबाप तिकडं आणि लेकरं इकडं, आजी-आजोबांजवळ. आमच्या गल्लीत अशी बरीच घरं आहेत. आजीचे गुडघे धरलेले, डोळ्याला कमी दिसतं, तिनं चकली-करंजीचा घाणा कसा काढावा? शेजारपाजारचे फराळाचं ताट देतात, त्यात कुणी हात आखडत नाही. पण लेकरांना ताट मिळणं आणि आपल्या घरात काहीतरी होताना बघणं, यात फार अंतर आहे. मला त्यांच्या घरात काहीतरी व्हायला हवं होतं.

मी हातात धरलेली महागाची लादी तुम्ही काढून घेतलीत, तिथूनच माझं काम सोपं झालं. "ताई, हे तुमच्या कामाचं नाही," म्हणालात, आणि दोन्ही पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलंत. एकात कोको बटर होतं, दुसऱ्यात वनस्पती तेलापासूनची चरबी, त्यालाच कंपाउंड म्हणतात. कोको बटरचं चॉकलेट चवीला सरस, पण ते वितळवून नुसतं थंड केलं तर मऊ राहतं आणि त्यावर पांढरट डाग उठतात. त्याला आधी साधारण 45 अंशांपर्यंत तापवायचं, मग 27-28 पर्यंत उतरवायचं, पुन्हा 31-32 वर आणायचं, तेव्हा कुठं त्याला चकाकी येते आणि ते कडक मोडतं. थर्मामीटर नसलेल्या घरात हे कोण करणार? कंपाउंडला यातलं काहीच लागत नाही, वितळवा आणि ओता. जास्त पैशांची वस्तू मी मागत असताना तुम्ही कमी पैशांची दिलीत. दुकानदारानं असं वागणं किती मोठं असतं, हे बाजार करणाऱ्या बाईला नेमकं कळतं.

मग तुम्ही पाण्याचं सांगितलंत. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की गुठळ्या होतात, तसंच वितळलेल्या चॉकलेटचं होतं. एखादा थेंब गेला तरी आतली साखर आणि कोको त्याला चिकटून गोळा धरतात. म्हणून भांडं कोरडं, चमचा कोरडा. खालच्या पातेल्यातलं पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला लागू द्यायचं नाही, आणि पाण्याला वाफ धरली की गॅस बंद करायचा. त्यावर मी विचारलं, मग दूध घातलं तर कसं चालतं? तुम्ही हसून म्हणालात, थेंबभर ओल वाईट, भरपूर असली तर सगळं पुन्हा सैल होतं. कंडेन्स्ड मिल्क घालून चॉकलेटची वडी का जमते, ते मला त्या एका वाक्यात उमगलं.

तुम्ही सांगितलेलं प्रमाण इथं लिहून ठेवते. 400 ग्रॅम डार्क कंपाउंड बारीक चिरून, 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, चमचाभर साजूक तूप, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये, त्याच्याशिवाय गोड नुसतं गोडच लागतं. चॉकलेट विरघळलं की डबा त्यात ओतायचा आणि खाली उतरवून घोटायचं. मिश्रण भांड्याच्या कडा सोडायला लागलं की भाजून, सोलून, भरड केलेले शेंगदाणे वाटीभर. काजू-बदाम घाला असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आमच्या घराघरात शेंगा असतात, आणि खरपूस भाजलेल्या दाण्याची चव कडसर चॉकलेटला जशी धरते तशी काजूची धरत नाही, हे माझं ठाम मत झालं आहे.

गॅसजवळचं काम मी केलं. पुढचं सगळं लेकरांनी केलं. दाणे सोलून, पाखडून, लाटण्यानं भरड करणं, ताटाला तूप लावणं, कोमट मिश्रण वाटीच्या बुडानं थापणं, वर सुकं खोबरं भुरभुरणं. एका पोरीनं आईला व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवलं. आई उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत होती, तिकडं रेंज येत-जात होती. "तू केलंस?" एवढंच तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. काका, तुमच्या दुकानातली पुडी तिथवर पोचली, हे तुम्हाला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी लाइट गेली होती. फ्रीज बंद, तरी काही अडलं नाही. ताट माळवदाच्या आतल्या खोलीत ठेवलं, तिथं भर दुपारीसुद्धा गारवा असतो. सकाळी सुरीनं वड्या पडल्या, अगदी कडेपर्यंत सरळ. उरलेल्या नंतर फ्रीजमध्ये ठेवल्या, तुम्ही बजावलं होतं तशा घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि डबा बाहेर काढला की लगेच उघडला नाही. गार वडीवर हवेतली ओल बसते, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरी दिसते, मग लेकरांना वाटतं बुरशी आली.

आता शेजारच्या दोघी-तिघींनी हे शिकून घेतलंय आणि संक्रांतीला शेंगदाण्यांच्या जागी भाजलेले तीळ घालायचं ठरलंय. तेव्हाही यांचे आईबाप फडावरच असतील. कारखान्याकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती डबे पाठवायचे आहेत, म्हणून वड्या प्रवासात मऊ पडू नयेत यासाठी चॉकलेट थोडं वाढवावं की दूध कमी करावं, हे तुम्हाला विचारायचं आहे. पौषातल्या बाजारच्या दिवशी येईन, सकाळी लवकर, तुमची गर्दी व्हायच्या आत. येताना तुमच्यासाठी आणि काकूंसाठी वड्या आणते.

तुमची,
केज तालुक्यातली एक गिऱ्हाईक